ऑस्ट्रेलियातील वर्षभराची वर्किंग हॉलिडे: कमी पैशांत निभावण्यासाठी कामांचा योग्य क्रम

ऑस्ट्रेलियाच्या ४६२ उपवर्गाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसावर जाणारे बहुतेक जण बचतीचे मार्ग स्वस्त तिकिटात आणि स्वस्त हॉस्टेलमध्ये शोधतात. मोठी रक्कम मात्र कामे उलट्या क्रमाने केल्यामुळे जाते. व्हिसा हाती येण्याआधी तिकीट काढले जाते, काम मिळण्याआधी सहा महिन्यांच्या भाडेकरारावर सही होते, कोणत्या भागात राहायचे हे ठरण्याआधी गाडी घेतली जाते आणि कर क्रमांकाचा अर्ज मागे पडत राहतो. यांतली प्रत्येक चूक काही आठवड्यांच्या कमाईइतकी महाग पडू शकते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत आणि एक टप्पा अपुरा असताना पुढच्यावर पैसे घालू नयेत. सर्व रकमा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहेत.

## टप्पा १: सोडतीआधी कागदपत्रे

भारतीय पासपोर्टधारकांसाठी या व्हिसाची पहिली नोंदणी १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. वर्षाला १,००० जागा असून अर्ज करण्याची संधी सोडतीने मिळते. नोंदणीचे शुल्क २५ डॉलर आहे. मूळ व्हिसाचे शुल्क त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे काही शे डॉलर, असते आणि ते सहसा दर जुलैत बदलते, त्यामुळे जुन्या लेखांतला आकडा हिशेबात धरू नये.

सोडतीत नाव आल्यावर अर्ज भरण्यासाठी फक्त २८ दिवस मिळतात. इंग्रजीची परीक्षा, पदवीची प्रमाणपत्रे आणि बँकेचे पुरावे या मुदतीत पहिल्यापासून जमवायला घेतले, तर तातडीच्या शुल्कात आणि धावपळीत पैसे जातात. म्हणून नोंदणीपूर्वीच कामांचा क्रम असा लावावा. सर्वप्रथम पासपोर्टची मुदत पाहावी आणि नूतनीकरण जवळ आले असेल तर ते आधी उरकावे, कारण ज्या पासपोर्टवर नोंदणी केली त्याच्याशीच पुढचा अर्ज जोडला जातो. नोंदणीला पॅन कार्डही लागते, तेव्हा दोन्हींवरचे नाव आणि जन्मतारीख जुळते का, हे पाहावे. त्यानंतर बारावीनंतरच्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचा पुरावा काढून ठेवावा. इंग्रजीच्या परीक्षेची तारीख शेवटी घ्यावी, कारण निकाल अर्जाच्या वेळी एक वर्षाहून जुना चालत नाही. आयेल्ट्समध्ये सरासरी किमान ४.५ गुण पुरतात. अधिक गुणांसाठी महागडा शिकवणीवर्ग लावण्याची या व्हिसापुरती गरज नाही.

इशारा: सोडत यादृच्छिक पद्धतीने होते. निवडीची शक्यता वाढवून देतो असे सांगणाऱ्या कोणत्याही मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

तपासणी: अर्जाच्या दिवशी वय १८ ते ३० या मर्यादेत असेल का? ३१ वा वाढदिवस जवळ असेल तर सोडत आणि अर्ज यांमधला काळही मोजावा.

## टप्पा २: पैशांचे तीन कप्पे

अर्जात सुमारे ५,००० डॉलर आणि देश सोडण्याच्या तिकिटापुरती रक्कम हाताशी असल्याचे दाखवावे लागते. ही अट पुरी झाली की पैशांची तयारी झाली, असा समज सर्रास आढळतो. दाखवण्याची रक्कम आणि प्रत्यक्ष जगण्याची रक्कम यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

उपलब्ध रकमेचे तीन कप्पे करावेत. पहिला परतीचा: तिकिटाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि वर्षभर तिला हात लावू नये. दुसरा पहिल्या सहा आठवड्यांचा: यात राहणे, जेवण, शहरातला प्रवास आणि फोन येतात. काम लगेच मिळाले तरी पहिला पगार हाती पडायला एक-दोन आठवडे जातात, म्हणून चार आठवडे धरून चालत नाही. तिसरा कप्पा कामासाठी लागणाऱ्या खर्चाचा, म्हणजे प्रमाणपत्रे, सुरक्षा बूट, खोलीची अनामत आणि शेतीच्या भागात जाण्याचे भाडे. बहुतेकांच्या अंदाजपत्रकात हा तिसरा कप्पाच नसतो. मग काम समोर असूनही ते घेता येत नाही, कारण बूट आणि बसभाडे यांसाठी पैसे उरलेले नसतात.

आरोग्य विमा दुसऱ्या कप्प्यात धरावा. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक आरोग्य योजनेशी भारताचा परस्पर करार नाही, त्यामुळे ‘मेडिकेअर’चा लाभ मिळत नाही आणि रुग्णवाहिकेचेही बिल येऊ शकते. पॉलिसी घेताना शारीरिक श्रमाचे काम वगळले आहे का, दुचाकी चालवताना झालेला अपघात धरला आहे का आणि संपूर्ण बारा महिने संरक्षण आहे का, या तीन ओळी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. कामाच्या ठिकाणी झालेल्या दुखापतीसाठी मालकावर कामगार भरपाईची जबाबदारी असते, परंतु सुट्टीच्या दिवशी समुद्रात पाय मोडला तर तिचा उपयोग नाही.

## टप्पा ३: आधी महिना, मग शहर, शेवटी तिकीट

व्हिसा मंजूर झाल्यावर पहिल्या प्रवेशासाठी बारा महिने मिळतात आणि प्रवेशाच्या दिवसापासून मुक्कामाचे बारा महिने सुरू होतात. मधल्या काळात देशाबाहेर घालवलेले दिवस परत मिळत नाहीत. म्हणून प्रवेशाचा महिना हा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो.

तेथील ऋतू उलटे असतात. डार्विन आणि कॅथरिनच्या परिसरात आंब्याची तोडणी साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात चालते. न्यू साउथ वेल्समधील यंग या गावाभोवती चेरीचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो, टास्मानियात तो त्यानंतर सुरू होतो आणि मिल्ड्युराच्या पट्ट्यात द्राक्षे फेब्रुवारीपासून काढली जातात. बर्फाच्या खेळांचा हंगाम जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, पण जिंडबाइनसारख्या ठिकाणी त्यासाठीची भरती काही महिने आधीच सुरू होते. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असून अनेक रस्ते बंद होतात आणि पर्यटनाशी संबंधित कामे आटतात.

डिसेंबरच्या उत्तरार्धात सिडनीत उतरणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राहण्याचे दर चढलेले असतात, अनेक कार्यालये बंद असतात आणि भरती जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत मंदावते, त्यामुळे सहा आठवड्यांचा कप्पा तीन आठवड्यांत रिकामा होतो. सप्टेंबर किंवा ऑक्टोबर हा पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी अधिक सोयीचा काळ आहे, कारण उपाहारगृहे उन्हाळ्यासाठी माणसे घेऊ लागतात आणि फळांचा हंगामही समोर असतो.

इशारा: व्हिसा मंजुरीचे पत्र येण्यापूर्वी परतावा न मिळणारे तिकीट काढू नये.

सामानाबद्दल एवढेच: कपडे आणि भांडी तेथील जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत स्वस्त मिळतात, त्यांच्यासाठी विमानात जादा वजनाचे पैसे भरू नयेत. खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू आणि माती लागलेले बूट आगमनपत्रकावर न चुकता जाहीर करावेत. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेल्या वस्तूसाठी जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

## टप्पा ४: उतरल्यानंतरचे पहिले दहा दिवस

या दहा दिवसांतली कामे एकमेकांवर अवलंबून आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नये.

पहिल्या दिवशी स्थानिक प्रीपेड सिम घ्यावे, कारण पुढील प्रत्येक अर्जाला ऑस्ट्रेलियन क्रमांक लागतो. दुसऱ्या दिवशी बँक खाते चालू करून घ्यावे. काही बँका खात्याचा अर्ज देशाबाहेरूनही घेतात आणि शाखेत पासपोर्ट दाखवला की व्यवहार सुरू होतात. मासिक शुल्क नसलेले खाते निवडावे.

तिसऱ्या दिवसापर्यंत कर क्रमांकाचा अर्ज करावा. त्याला तेथे ‘टॅक्स फाइल नंबर’ किंवा टीएफएन म्हणतात. अर्ज ऑस्ट्रेलियन टॅक्सेशन ऑफिसच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो, परंतु तो देशात पोहोचल्यावरच भरायचा असतो. क्रमांक यायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. शोधयंत्रात वर दिसणारी, शुल्क घेऊन हाच अर्ज भरून देणारी संकेतस्थळे टाळावीत. कामावर रुजू झाल्यावर क्रमांक कळवण्यासाठी २८ दिवसांची सवलत असते. ती उलटली, तर पगारातून सर्वोच्च दराने कर कापला जातो.

त्यानंतर निवृत्तिनिधीचे, म्हणजे ‘सुपर’चे, एकच खाते उघडावे आणि प्रत्येक नव्या मालकाला तेच द्यावे. मालक पगाराव्यतिरिक्त, जुलै २०२५ पासून १२ टक्के, रक्कम त्यात भरतो. प्रत्येक मालकाने वेगळे खाते उघडले, तर प्रत्येकाचे शुल्क ती रक्कम कुरतडत राहते.

शेवटी प्रमाणपत्रे. मद्य देणाऱ्या ठिकाणी काम करायचे असेल तर आरएसए आणि बांधकामावर जायचे असेल तर व्हाइट कार्ड लागते. आरएसएचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून कोणत्या राज्यात काम करणार हे ठरण्याआधी ऑनलाइन दिसलेला स्वस्त अभ्यासक्रम विकत घेतला, तर पैसे दोनदा भरावे लागू शकतात.

तपासणी: दहाव्या दिवशी पाच गोष्टी हातात असाव्यात: स्थानिक क्रमांक, चालू बँक खाते, टीएफएनच्या अर्जाची पावती, सुपरचे खाते आणि तेथील पद्धतीचा, छायाचित्र नसलेला, दोन पानांचा रेझ्युमे.

## टप्पा ५: खोली घेणे

पहिले एक-दोन आठवडे हॉस्टेलमध्ये काढावेत आणि काम नक्की झाल्यावर (टप्पा ६) खोली शोधावी; क्रमाला एवढाच अपवाद आहे. आधी खोली घेतली तर कामही त्याच परिसरात शोधावे लागते आणि निवड आकसते.

भाडे आठवड्याच्या हिशेबाने सांगितले जाते. त्याला चारने गुणून महिन्याचा आकडा काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. आठवड्याला २५० डॉलर भाडे असेल तर महिन्याला १,००० नव्हे, सुमारे १,०८३ डॉलर पडतात, कारण वर्षात ५२ आठवडे आहेत. वीज आणि इंटरनेट भाड्यात धरले आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

भाडेकराराची अनामत साधारणपणे चार आठवड्यांच्या भाड्याइतकी असते आणि ती घरमालकाकडे न राहता राज्याच्या अनामत यंत्रणेकडे जमा व्हावी लागते. न्यू साउथ वेल्समध्ये ‘रेंटल बाँड्स ऑनलाइन’, व्हिक्टोरियात आरटीबीए आणि क्वीन्सलँडमध्ये आरटीए हे काम पाहते. मुख्य भाडेकरूकडून एकच खोली घेणाऱ्यांना मात्र सर्वत्र हे संरक्षण मिळतेच असे नाही. अशा वेळी अनामत कमी ठेवायला सांगावे, बँकेमार्फतच द्यावी आणि खोलीची छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढून ईमेलने पाठवावीत.

इशारा: खोली स्वतः किंवा विश्वासू माणसामार्फत पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. ‘मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो’ असे सांगणारा मालक खरा नसतो.

## टप्पा ६: काम स्वीकारताना

खर्चाच्या लेखात पगाराचा एवढा विस्तार कशासाठी, असे वाटू शकते. वर्षभर जेवणात काटकसर करून जे वाचते, त्याहून अधिक रक्कम कमी दराने काम केल्यामुळे दोन महिन्यांत बुडते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

१ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर होते. हा आकडा दर जुलैत सुधारला जातो. कॅज्युअल कामगाराला सुट्ट्या मिळत नसल्यामुळे त्यावर २५ टक्के वाढ मिळते, म्हणजे ताशी सुमारे ३१.१९ डॉलर. आठवड्यात ३८ तास भरले तर हे १,१८५ डॉलर होतात. कर कार्यालयात नोंदणी केलेल्या मालकाकडे वर्किंग हॉलिडेवर असलेल्यांना पहिल्या ४५,००० डॉलरवर १५ टक्के कर लागतो, त्यामुळे हातात सुमारे १,००७ डॉलर येतात. हा हिशेब पहिल्या पे-स्लिपशी ताडून पाहावा.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली कराच्या फॉर्मवरची: करमुक्त मर्यादेच्या प्रश्नाला ‘हो’ लिहिले जाते. ती मर्यादा या व्हिसावरील उत्पन्नाला लागू नाही आणि वर्षाअखेरीस फरक भरावा लागतो. दुसरी चूक व्यवसाय क्रमांकाची. एबीएन घेऊन ‘कंत्राटदार’ म्हणून या, असे सांगितले जाते. तास, जागा आणि पद्धत मालकच ठरवत असेल, तर ते काम सहसा नोकरीच असते आणि एबीएनच्या आडून सुपर, विमा आणि किमान दर टाळला जातो. अशा कामाला नकार द्यावा.

फळतोडणीत मोबदला अनेकदा बादलीवर किंवा पेटीवर ठरतो. २८ एप्रिल २०२२ पासून बागायती कामात तुकड्यावर काम करणाऱ्यालाही तासाच्या किमान दराची हमी आहे. म्हणून दिवसाचे तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवावेत.

एकाच मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा अधिक काम करता येत नाही. त्याला काही अपवाद आहेत, पण ते गृहीत न धरता आधी तपासावेत. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत, ठरावीक प्रकारचे तीन महिन्यांचे काम करावे लागते, ज्याला तेथे सगळे ‘८८ दिवस’ म्हणतात. येथे एक बाब ठळकपणे लक्षात ठेवावी: अनेक युरोपीय देशांच्या नागरिकांना मिळणाऱ्या ४१७ उपवर्गाच्या आणि तुमच्या ४६२ उपवर्गाच्या पात्र कामांच्या आणि पिनकोडांच्या याद्या सारख्या नाहीत. हॉस्टेलमधल्या युरोपीय सोबत्याचे काम धरले जाते, म्हणून तेच काम तुमचेही धरले जाईल, असे मानू नये. रुजू होण्यापूर्वी ४६२ च्या यादीत पिनकोड आणि कामाचा प्रकार दोन्ही पाहावेत. बिनपगारी काम मोजले जात नाही.

इशारा: काम मिळवून देण्याच्या बोलीवर काही आठवड्यांचे भाडे आगाऊ मागणाऱ्या शेतीभागातील हॉस्टेलला, तोडणी प्रत्यक्ष सुरू झाल्याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पिकाला उशीर झाला की तेथे थांबलेल्यांची बचत भाड्यातच संपते. सरकारच्या ‘हार्वेस्ट ट्रेल’ सेवेवर हंगामाची माहिती विनामूल्य मिळते.

पगार बुडाल्यास ‘फेअर वर्क ओम्बुड्समन’ या सरकारी यंत्रणेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मालक तुमचा व्हिसा रद्द करू शकत नाही. तो अधिकार गृह विभागाचा आहे.

## टप्पा ७: गाडी घ्यावी की नाही

शहरात काम असेल तर घेऊ नये. क्वीन्सलँडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून सार्वजनिक वाहतुकीचे भाडे ५० सेंट आहे, मेलबर्नच्या मध्यभागी ट्राम विनामूल्य आहे, पर्थच्या मध्यभागात विनामूल्य बस फिरतात आणि सिडनीत दिवसाच्या व आठवड्याच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. सिडनी विमानतळाच्या रेल्वे स्थानकावर मात्र मोठे जादा शुल्क लागते. सार्वजनिक बसने मॅस्कॉट स्थानकापर्यंत येऊन तेथून गाडी पकडली की ते वाचते.

शेतीभागात गाडीशिवाय काम मिळणे अवघड असते. तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम गाडी कोणत्या राज्यात नोंदलेली आहे ते पाहावे, कारण दुसऱ्या राज्याच्या नोंदणीचे हस्तांतर किचकट आणि खर्चिक ठरते. मग सरकारी पीपीएसआर नोंदवहीत दोन डॉलर भरून गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची किंवा मोडीत काढलेली आहे का, हे तपासावे. नंतर मेकॅनिककडून पाहणी करून घ्यावी आणि शेवटी पैसे द्यावेत. नोंदणीचे, म्हणजे रेगोचे, किती महिने उरले आहेत यावर भाव करावा. हस्तांतरावरची स्टॅम्प ड्यूटी वेगळी धरावी.

रेगोशी जोडलेला सक्तीचा विमा फक्त माणसांच्या दुखापतीपुरता असतो. समोरच्या महागड्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही, म्हणून तृतीय पक्षाच्या मालमत्तेचा विमा वेगळा घ्यावा. ग्रामीण रस्त्यांवर पहाटे आणि संध्याकाळी कांगारू आडवे येतात, त्या वेळा टाळाव्यात. एकदाच लांबचा प्रवास करायचा असेल, तर भाड्याच्या गाड्या एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचवण्याचे काम नाममात्र दरात मिळते का, ते पाहावे. दिवसांची मर्यादा कडक असते, पण तारखा जुळल्या तर याहून स्वस्त प्रवास नाही.

## टप्पा ८: रोजचा खर्च

आठवड्याचा हिशेब आठवड्यालाच करावा, कारण भाडे आणि बहुधा पगारही आठवड्याने असतो. मोठ्या सुपरमार्केटमध्ये फळीवरच्या पट्टीवर किलोचा किंवा शंभर ग्रॅमचा दर लिहिलेला असतो, तुलना त्याच आकड्याने करावी. मुदत संपत आलेल्या मालाच्या किमती बहुधा संध्याकाळी उतरवतात. स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल दोन-चार डॉलरने महाग असले तरी तेच घ्यावे.

## टप्पा ९: निघण्यापूर्वी आणि निघाल्यावर

परतण्याच्या गडबडीत येथे सर्वाधिक पैसे मागे राहतात. आर्थिक वर्ष ३० जूनला संपते आणि स्वतः विवरणपत्र भरायचे असल्यास ३१ ऑक्टोबर ही मुदत असते. मुक्काम दोन आर्थिक वर्षांत विभागला असेल तर दोन विवरणपत्रे लागतात.

निघण्याच्या महिनाभर आधी ‘मायगव्ह’ या सरकारी सेवांच्या ऑनलाइन खात्याचा सुरक्षा संकेत स्थानिक फोन क्रमांकावरून काढून ॲपवर किंवा पासकीवर घ्यावा. सिम बंद झाल्यावर खाते उघडता येत नाही आणि परतावा अडकतो. बँक खातेही लगेच बंद करू नये, कारण कराचा परतावा ऑस्ट्रेलियन खात्यातच जमा होतो. खोलीच्या अनामतीचा दावा देशात असतानाच करावा. शेवटच्या ६० दिवसांत एकाच विक्रेत्याकडून ३०० डॉलर किंवा अधिकची खरेदी झाली असेल आणि ती वस्तू सोबत नेत असाल, तर मूळ बिलासह विमानतळावर जीएसटीचा परतावा मागता येतो.

सुपरची रक्कम देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर किंवा रद्द करून घेतल्यावर मागता येते. वर्किंग हॉलिडेवाल्यांना तीवर ६५ टक्के कर लागतो. म्हणजे १,००० डॉलरच्या पगारावर मालकाने भरलेल्या १२० डॉलरपैकी, भरणा होतानाच निधीत कापला जाणारा १५ टक्के करही धरला तर, सुमारे ३६ हाती येतात. ही रक्कम अंदाजपत्रकात धरू नये, पण सोडूनही देऊ नये. वर्षभर नियमित काम केले असेल तर ती बाराशे-पंधराशे डॉलरच्या घरात जाऊ शकते. अर्ज ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. तो देशात असतानाच सुरू करून ठेवावा, आणि कराचा परतावा व सुपरची रक्कम दोन्ही जमा झाल्यावरच खाते बंद करावे.